टंचाईची वांटणी : शेतीच्या पाण्याच्या न्याय्य वांटपाविषयीं निवेदन

(दुष्काळनिवारण समितीच्या वार्षिक सभेंत वाचलेलें भाषण)



समितीच्या गतवर्षीच्या कामाचा वृत्तांत व जमाखर्च याच पुस्तिकेंत पुढें छापला आहे. चारा कोठें वांटला, पाण्याचे टँकर कोणत्या गांवीं चालले, धान्य कोणास दिलें, हें सर्व आपणांस तेथें वाचावयास मिळेल. त्याची पुनरुक्ति करून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाहीं. आज आम्ही जें मांडणार आहों तें जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यांत बसणारें नाहीं. परंतु त्या जमाखर्चाच्या बहुतेक ओळींच्या मुळाशीं तेंच आहे. ज्या गांवांस आम्हीं मागील दुष्काळांत चारा पुरविला, त्यांतील कित्येक गांवांस तो याही वेळीं पुरवावा लागला. पाऊस तर त्यांच्या शेजारच्या गांवांतही तितकाच कमी पडला होता. मग एका गांवाच्या गुरांनीं छावणींत जावें आणि दुसऱ्या गांवांत ऊंस हिरवा उभा असावा, असें कां व्हावें?

एका चारीची हकीगत सांगतों. गांवांचीं नांवें मुद्दाम घेत नाहीं. कारण आमचा हेतु कोणास दोष लावण्याचा नसून रोग दाखविण्याचा आहे. कालव्याच्या एकाच चारीवर दोन गांवें आहेत. एक चारीच्या तोंडाशीं, दुसरें अगदीं शेवटास, ज्यास आपले शेतकरी 'टेल' म्हणतात. पाण्याची पाळी सुटली कीं पाणी पहिल्या गांवांत प्रथम येतें. तेथें रात्रीं चारीवर पंप बसतात, कोठें नळ्या टाकून पाणी ओढलें जातें, कोठें दार मोडूनच ठेवलेलें असतें. पाळी संपावयास येते तेव्हां शेवटच्या गांवीं चारींत ओल तेवढी दिसते. या गांवच्या लोकांनीं समितीकडे अर्ज केला कीं, आम्हांस विहिरी खोल करण्यास व बोअर पाडण्यास पैसे द्या. अर्ज रास्त होता. परंतु त्यावर विचार करतांना आमच्यांतील एका सभासदानें विचारलें, "ज्यांच्या वांट्याचें पाणी वरच्या अंगास अडतें, त्यांस आपण भूमीच्या पोटांतलें पाणी शोधावयास कां लावावें?" या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस भाग पडलें, आणि त्या उत्तराच्या शोधांतूनच हें भाषण तयार झालें.

दुष्काळ म्हणजे केवळ पावसाची तूट नव्हे. पावसाची तूट देवाधीन आहे; ती कोणाच्या अंगावर किती पडावी, हें मात्र मनुष्यें ठरवितात. तूट सर्वांवर सारखी पडली तर तिला आपण टंचाई म्हणतों आणि कशीबशी निभावून नेतों. ती सारी थोड्यांच्या माथीं आली म्हणजे दुष्काळ होतो. ज्या हातांत पाण्याचें दार आहे त्या हातांतच ही वांटणी असते.

आपल्या कालव्यांचा इतिहासही हेंच सांगतो. १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनमध्यें जो घोर दुष्काळ पडला, त्यानंतर अवर्षणग्रस्त मुलखास संरक्षण मिळावें या विचारास जोर आला. नीरा नदीचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. पाऊस हुकला तरी ज्वारी-बाजरीचें पीक हातीं लागावें, हा अशा कामांचा मूळ हेतु. परंतु पाऊस बरा झाला कीं ज्वारीस कालव्याचें पाणी कोणी मागेना, आणि ऊंसास मात्र बारमाही मागणी होऊं लागली. एकाच ठिकाणीं पाण्याची रेलचेल होऊन जमिनी पाणथळ व खारवट होऊं लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्या यांनीं 'ब्लॉक' पद्धति सुचविली. ऊंस जमिनीच्या ठराविक भागावरच असावा, बाकीच्या भागावर कमी पाण्याचीं पिकें फिरतीं ठेवावीं, म्हणजे तेंच पाणी अधिक गांवांस पोंचेल, असा तिचा आशय होता. पाण्याच्या वांटपाचा प्रश्न त्या काळींही सुज्ञांच्या डोळ्यांपुढें होता. तरीही पाणी हळूहळू ऊंसाकडे ओढलें गेलें. आज राज्याच्या पिकांखालील जमिनीपैकीं ऊंसाचा वांटा अगदीं थोडा आहे आणि सिंचनाच्या पाण्यांतील त्याचा वांटा सर्वांत मोठा आहे.

येथें थोडा हिशेब सांगणें अवश्य आहे. सेकंदास एक घनफूट, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेंत एक क्युसेक, पाणी दिवसरात्र चालू ठेवलें तर चोवीस तासांत सुमारें दोन एकर जमिनीवर एक फूट उंच पाणी उभें राहील, किंवा आठ एकरांस तीन इंचांची एक भरणी होईल. इतकें पाणी आठ एकरांस द्यावयाचें कीं दोन एकरांवर ओतावयाचें, हाच सारा वाद आहे. एका एकर ऊंसास वर्षभर लागणाऱ्या पाण्यांत रब्बी ज्वारीचे पांच-सहा एकर भिजावेत, असा साधारण अंदाज आहे. ज्वारी धान्य देते आणि कडबाही देते. ज्या गांवांत ज्वारीस एक भरणी मिळाली त्या गांवांत समितीस चाऱ्याची गाडी पाठवावी लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, न्याय्य वांटपाच्या गोष्टी सभेंत शोभतात. शेतावर जो तो आपलें पाहतो. तसें नाहीं. याच महाराष्ट्रांत लोकांनीं हें वांटप करून दाखविलें आहे, आणि तेंही एकदां नव्हे.

खानदेशांत व नाशिककडे पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर जुन्या काळापासून दगडी बंधारे आहेत. त्यांवर चालणारी 'फड' पद्धति कित्येक शतकांची आहे. बंधाऱ्यांतून पाट निघतो. त्याखालील जमीन तीन किंवा चार फडांत विभागलेली असते. एका फडांत त्या वर्षीं एकच पीक, आणि पिकांची फेरपालट फडाफडांतून होत राहते. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतों प्रत्येक फडांत थोडी थोडी असते. या व्यवस्थेंतली खरी मेख हीच. ज्या वर्षीं पाणी कमी त्या वर्षीं पंच बसून एखादा फड पाण्याविना ठेवण्याचें ठरवीत. तो फड कोरडा राहिला कीं प्रत्येकाचें थोडें नुकसान होई, पण कोणाचेंही सर्वस्व जात नसे. तूट ही अशी वांटली जाई. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याकडे असे. शेतकऱ्यानें स्वतः दार उघडावयाचें नाहीं. पाटकऱ्यावर हवालदार, पाटाच्या व पिकांच्या राखणीस जागल्या, आणि या सर्वांवर पंच. पाटांतला गाळ काढण्यास सर्वांनीं यावयाचें, हाही दंडक होता. वरच्या अंगास मोठीं धरणें झालीं, विहिरींवर खाजगी पंप बसले, आणि बहुतेक ठिकाणीं ही पद्धति क्षीण झाली. परंतु तिचें तत्त्व क्षीण झालेलें नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्यापैकीं वयस्क मंडळींच्या आठवणींतलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत हजारों गांवें दुष्काळी कामांवर गेलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत त्या कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. त्या वेळीं पुण्याचे एक कारखानदार अभियंते श्री. विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यांत आले आणि नायगांव येथें एका देवस्थानाच्या माळरानावर पाणी अडविण्याचा प्रयोग करूं लागले. त्यांतून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण कडक होते. योजना एकट्यादुकट्याची नव्हे, गटाचीच असावी. पाणी जमिनीच्या प्रमाणांत नव्हे, तर कुटुंबांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावें : माणशीं अर्धा एकर, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. ऊंसासारखें बारमाही, पाणी पिणारें पीक घेऊं नये. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊं नये. भूमिहीनासही पाण्यांत वांटा असावा. आणि खर्चाचा पांचवा हिस्सा लाभधारकांनीं स्वतः उचलावा. श्री. साळुंखे २००२ सालीं निवर्तले. ज्यास पैसे देण्याची ऐपत नाहीं त्यास पाण्याचा हक्कही नाहीं, ही समजूत चुकीची आहे हें त्यांनीं प्रत्यक्ष शेतावर दाखवून दिलें.

तिसरें उदाहरण सांगली जिल्ह्यांतलें. खानापूर तालुक्यांत येरळा नदीच्या कांठीं बलवडी व तांदुळवाडी हीं गांवें आहेत. १९८० नंतरच्या दशकांत अवर्षणानें गांजलेल्या तेथील लोकांनीं नदींतील वाळूच्या विक्रीचा पैसा उभा करून आणि श्रमदानाची जोड देऊन 'बळीराजा' धरण बांधावयास घेतलें. परवानगीसाठीं त्यांस झगडावें लागलें. धरण होण्याआधींच पाणी कसें वांटावयाचें हें त्यांनीं ठरविलें होतें. पाण्यावर दोन्ही गांवांतील प्रत्येक कुटुंबाचा हक्क, मग त्यास जमीन असो वा नसो. पाणी आल्यावर वांटप ठरवूं म्हटलें म्हणजे बळकटांचाच निवाडा होतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

चौथें उदाहरण मोठ्या कालव्याचें. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझरचे शेतकरी शेवटच्या टोंकास. त्यांस पाणी मिळत नसे. १९९० नंतरच्या वर्षांत समाज परिवर्तन केंद्राच्या साह्यानें त्यांनीं पाणीवापर संस्था काढल्या आणि पाणी मोजून घेऊं लागले. पुढें सबंध कालव्यावर २४ संस्था झाल्या व त्यांचा एक महासंघ झाला. चारीच्या टेलाचे लोक संघटित झाले म्हणून वरच्यांचें बुडालें नाहीं. पाणी मोजल्यामुळें वायां जाणारें वांचलें आणि तेंच सर्वांस पुरलें.

कायदाही आतां या बाजूस आहे. २००५ सालीं महाराष्ट्रांत दोन अधिनियम झाले. एकानें सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची वाट मोकळी केली. दुसऱ्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापिलें, आणि त्यांत एक महत्त्वाचें कलम घातलें : नदीच्या खोऱ्यांतील टंचाई न्यायानें वांटली जावी म्हणून ऑक्टोबरअखेर सर्व जलाशयांतील उपयुक्त पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असें पाणी नियंत्रित करावें. या कलमावरूनच गोदावरीच्या वरच्या अंगाच्या धरणांतून जायकवाडीसाठीं पाणी सोडण्याचा वाद झाला. प्राधिकरणानें २०१४ सालीं आदेश दिला आणि २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो उचलून धरला. त्याच २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें न्यावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी गेलें. गाडीनें पाणी नेणें ही भूतदया खरी. परंतु शेकडों मैलांवरून पाणी येण्याची वेळ कां आली, हें विचारणें हीही भूतदयाच आहे.

आतां या वांटपाविरुद्ध जे आक्षेप आम्हीं गांवोगांव ऐकले, त्यांस उत्तर देणें प्राप्त आहे.

पहिला आक्षेप, "विहीर माझी, जमीन माझी; पाणी माझें कां नव्हे?" विहिरीची जागा आपली खरी, पण तीत येणारा झरा शेजाऱ्याच्या बांधाखालून येतो. एकानें पांचशें फूट खोल बोअर पाडली कीं शेजारच्या साठ फुटी विहिरी आटतात. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव कमी पावसाच्या मुलखांतलें. तेथें लोकांनीं शेतीसाठीं बोअर पाडण्यास बंदी केली आणि दरवर्षीं झालेला पाऊस मोजून, पाण्याचा अंदाज बांधून मग पिकें ठरविण्याचा पायंडा पाडला. त्या गांवांत कोणाची मालकी गेली नाहीं. उलट सर्वांच्या विहिरी राहिल्या.

दुसरा आक्षेप ऊंस लावणाऱ्यांचा आहे, आणि तो आम्ही आदरानें ऐकतों. ते म्हणतात, "ऊंसास ठरलेला भाव आहे, ठरलेलें गिऱ्हाईक आहे, ज्वारीचा, तुरीचा भाव कोसळला तर आम्हांस कोण वांचविणार? सोसायटीचें कर्ज ऊंसावरच फिटतें." हें खोटें नाहीं. ऊंस लावणारा आपला शत्रु नव्हे; जेथें निश्चिति आहे तेथें तो गेला, इतकेंच. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतों कीं, जो पाण्याचें न्याय्य वांटप मागतो त्यानें कमी पाण्याच्या पिकांस खात्रीचा भाव व खात्रीची खरेदीही मागितली पाहिजे. एकास तुझें पीक सोड म्हणावयाचें आणि दुसरें पीक घेतल्यास वाऱ्यावर सोडावयाचें, हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप, "वरचे ऐकणार नाहींत." त्याचें उत्तर आमच्या अनुभवांतून देतों. आरंभीं सांगितलेल्या चारीवरील शेवटच्या गांवास आम्हीं कळविलें कीं, बोअरसाठीं पैसे देण्यापूर्वीं दोन्ही गांवें एकत्र बसावींत अशी समितीची इच्छा आहे. यावरून आम्हांस बोल ऐकावे लागले. तहानलेल्यास तुम्ही व्याख्यान देतां, असें म्हटलें गेलें, आणि तो घाव आम्हांस लागला. तरी सभा झाली. मारुतीच्या देवळांत दोन्ही गांवचे लोक आले. बराच वेळ वरच्या गांवचे बोलले, मग वादावादी झाली. अखेर शेवटच्या गांवची एक वृद्ध शेतकरी बाई उठली आणि वरच्या गांवच्या एका वयस्क बागाईतदारास म्हणाली, "दादा, तुमच्याच गांवांत माझी लेक दिली आहे. तिच्या घरचा ऊंस वाळावा असें मी कसें म्हणेन? पण एक पाळी तरी खालून सुरू करा. माझ्या गाईपुरता कडबा होऊं द्या." सभा थोडा वेळ स्तब्ध राहिली. मग त्याच गृहस्थांनीं सांगितलें कीं, ही एक पाळी शेवटाकडून सुरू होईल, आणि रात्रींची राखण दोन्ही गांवांनीं मिळून करावी.

ती पाळी खालून सुरू झाली. शेवटच्या गांवांतील सगळी ज्वारी वांचली असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं शेतें आधींच गेलीं होतीं. परंतु जीं वांचलीं त्यांच्या कडब्यावर त्या गांवचीं पुष्कळ जनावरें छावणींत न जातां दावणीस राहिलीं. वरच्या गांवचा ऊंस थोडा कमी फुगला असेल, वाळला नाहीं. हा करार एका पाळीपुरता होता. पुढील वर्षीं तो टिकेल कीं नाहीं, हें आज कोणीही सांगूं शकत नाहीं. तो टिकावा म्हणूनच आजचें हें बोलणें आहे.

पाळी शेवटाकडून सुरू करावी, हा कांहीं आमचा शोध नव्हे. शेजपाळीची रीतच मुळीं तशी आहे. प्रत्येकाच्या क्षेत्राप्रमाणें त्याचा वेळ ठरवावयाचा, यादी सर्वांस दिसेल अशी लावावयाची, आणि पाणी खालून वर चढवीत आणावयाचें. पहिला हक्क शेवटच्यास दिला कीं मधला कोणी पाणी अडवूं लागला तर तें लगेच सर्वांस दिसतें.

या सर्व विचारांतीं समितीनें असें ठरविलें आहे कीं, पिण्याचें पाणी, धान्य व चारा यांची मदत पूर्वींप्रमाणेंच विनाअट चालू राहील. भुकेल्याच्या ताटापुढें अट ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु बंधारे, चाऱ्यांची दुरुस्ती, सामायिक विहिरी व उपसा यांसाठीं जो निधि द्यावयाचा, तो पुढील गोष्टी मान्य करणाऱ्या गटासच दिला जाईल. पाणी येण्याआधीं वांटपाची यादी लेखी ठरवून चावडीवर लावावी. पाळी शेवटाकडून सुरू व्हावी. टंचाईच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबास निदान धान्य व चारा पिकेल इतकें पाणी आधीं मिळावें आणि उरलें तर बारमाही पिकास जावें. भूमिहीनांचा व एकट्या स्त्रियांचा वांटा यादींत असावा. दार उघडण्याचें काम सर्वांनीं नेमलेल्या एकाच पाटकऱ्याचें असावें, आणि पंचांत शेवटच्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असावेत.

दात्यांस आमची विनंति आहे कीं, आपण चाऱ्यासाठीं देतां त्याच हातानें या कामासही द्यावें. चारा एका उन्हाळ्यांत संपतो. नीट वांटलेली चारी वर्षानुवर्षें चारा पिकविते. कालव्याच्या अधिकाऱ्यांस विनंति कीं, चारीच्या शेवटास किती पाणी पोंचलें हें मोजून प्रत्येक पाळीस जाहीर करावें. एवढ्या एका आंकड्यानें अर्धे तंटे मिटतील. आणि वरच्या अंगाच्या शेतकरी बंधूंनो, आपणांकडून आम्ही दान मागत नाहीं. जें आपल्या शेतावरून खालीं जावयाचेंच आहे, तें जाऊं द्यावें, एवढेंच मागणें आहे. आज आपण कालव्याच्या तोंडाशीं आहां. परंतु आपल्याही वर कोणाचें तरी धरण आहे, आणि त्या धरणाच्या दृष्टीनें आपणही टेलाचेच आहां.

ईश्वरानें पाऊस कमी दिला तर तो सोसण्याचें बळ या मुलखानें पूर्वींही दाखविलें आहे. तें सोसणें सर्वांच्या वांट्यास सारखें यावें, यासाठीं आपण साह्य करावें अशी प्रार्थना करून हें निवेदन संपवितों.

आपले नम्र,
दुष्काळनिवारण समितीचे सेवक